पहिल्यांदाच किचन-बाथरूमचे काम काढताना सांगलीत सामान कसे घ्यावे

किचन आणि बाथरूमचे काम काढायचे ठरले की बहुतेक कुटुंबे पहिल्याच सुट्टीला टाइल्सचे शोरूम गाठतात, कारण टाइल्सचा रंग आणि नक्षी निवडणे हा या सगळ्या कामातला सर्वांत आनंदाचा भाग असतो. खरेदीचा योग्य क्रम मात्र याच्या जवळजवळ उलट आहे. जे भिंतीत आणि जमिनीत कायमचे गाडले जाणार आहे, ते आधी ठरवावे आणि त्यावर खर्च करताना हात आखडू नये. जे डोळ्यांना दिसते आणि पुढे कधीही बदलता येते, ते शेवटी घ्यावे. नळ दहा मिनिटांत बदलता येतो, पण भिंतीतला एक गळका सांधा दुरुस्त करायचा तर टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तोपर्यंत त्या नक्षीच्या टाइल्स बाजारातून गेलेल्या असतात. पुढचे सगळे टप्पे याच क्रमाने सांगितले आहेत.

पहिला टप्पा : घराची मापे आणि घराची परिस्थिती

एक साधी वही घेऊन दोन्ही खोल्यांचा आराखडा काढावा. लांबी, रुंदी आणि उंची यांबरोबरच दाराची रुंदी, खिडकीची खालून उंची, तुळई कुठून जाते, सध्याचे नळ आणि सांडपाण्याचे तोंड कोणत्या कोपऱ्यात आहे, हे सगळे त्यावर लिहावे. मापे फूट-इंचांत घेतली तरी शेजारी मिलिमीटरमध्येही लिहून ठेवावीत, कारण गवंडी फुटांत बोलतो आणि टाइल्स, सिंक, शेगडी हा सगळा कारखान्यातून येणारा माल मिलिमीटरमध्ये असतो.

त्यानंतर घराविषयीच्या काही गोष्टी पाहून घ्याव्यात. पाणी महापालिकेचे आहे की बोअरचे, हे पाहावे. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतील तर नळाच्या जाळ्या आणि शॉवरची छिद्रे बुजतात, गीझरच्या कॉइलवर थर बसतो आणि काळ्या चकचकीत टाइल्सवर पांढरे डाग उठून दिसतात. अशा घरात फिक्या रंगाची मॅट टाइल, जाळी काढून धुता येईल असा नळ आणि आतून काचेचा थर दिलेल्या टाकीचा गीझर घेणे शहाणपणाचे ठरते. गच्चीवरची टाकी शॉवरपेक्षा किती उंच आहे, हेही मोजावे. पाण्याच्या दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये टाकी ३ मीटरच उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार येतो. शोरूममध्ये पंपावर चालवून दाखवलेला मोठा रेन शॉवर अशा ठिकाणी ठिबकतच राहतो. म्हणून शॉवर आणि गरम-थंड पाणी मिसळणारा मिक्सर नळ घेताना त्यांना किमान किती दाब लागतो, हे दुकानदाराला विचारावे आणि तो मिळत नसेल तर प्रेशर पंपाचा खर्च आताच अंदाजपत्रकात धरावा.

फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवावे आणि खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी आधीच बोलून ठेवावे. गावभागासारख्या जुन्या वस्तीतल्या घरात भिंत दगड-मातीची आहे की विटांची, हे पाहिल्याशिवाय पाइपसाठी झिऱ्या (भिंतीतल्या खाचा) मारायला सुरुवात करू देऊ नये. साडेचार इंची भिंतीत आडवी खोल झिरी मारली तर भिंत कमजोर होते.

पूरपट्ट्यातल्या तळमजल्यासाठी

हा मुद्दा सांगलीत वेगळा काढून सांगावाच लागतो, कारण इतर शहरांतले किचनचे व्हिडिओ पाहून ठरवणाऱ्यांच्या तो लक्षात येत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरली जाते. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी नदीने धोका पातळी बरीच ओलांडली आणि नदीकाठच्या वस्त्यांतले तळमजले अनेक दिवस पाण्यात राहिले. ज्यांच्या घरात तेव्हा पाणी आले होते, त्यांनी ओट्याखालचे किचन प्लायवूडचे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्लाय उत्तम प्रतीचे असले तरी गढूळ पाण्यात काही दिवस राहिल्यावर त्याच्या कडा फुगतात, लॅमिनेट सुटते आणि बिजागऱ्यांचे स्क्रू सैल होतात.

त्याऐवजी ओट्याखाली कडप्प्याचे उभे आणि आडवे कप्पे करावेत, त्यांना ॲल्युमिनियमच्या चौकटीची किंवा पीव्हीसी बोर्डाची दारे लावावीत आणि स्टेनलेस स्टीलच्या ट्रॉल्या अशा बसवाव्यात की इशारा मिळताच त्या रुळांवरून उचलून वर नेता येतील. पाणी ओसरल्यावर कडप्पा धुतला की पुन्हा वापरात येतो. वरची कपाटे प्लायची केली तरी चालतील. सॉकेट ओट्याच्या वरच्या पातळीलाच ठेवावेत, आणि वॉशिंग मशीनचा पॉइंटही खाली घेऊ नये. सांडपाण्याच्या बाहेर जाणाऱ्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवता येतो का, हे प्लंबरला विचारावे. गटारे तुंबून पाणी उलटे नहाणीतून, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडातून, वर येते तेव्हा त्याचा उपयोग होतो, मात्र पाणी दारातूनच आत आले तर तो काही करू शकत नाही.

दुसरा टप्पा : वस्तू आधी ठरवा, उचला नंतर

कमोड, वॉश बेसिन, डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे सोडायचे ते वळवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह), गीझर, सिंक, शेगडी आणि चिमणी यांची निवड पाइप टाकण्यापूर्वी झालेली असावी, जरी पैसे देऊन त्या घरी आणायच्या शेवटी असल्या तरी. यांतल्या प्रत्येक वस्तूचे माप भिंतीतल्या कामाला बांधलेले असते. कमोडमध्ये एस ट्रॅप म्हणजे तोंड जमिनीत जाणारे आणि पी ट्रॅप म्हणजे तोंड भिंतीत जाणारे, असे दोन प्रकार असतात. जुन्या बाथरूमचा पाइप जिथे आहे त्यानुसारच प्रकार घ्यावा लागतो. एस ट्रॅपमध्ये मागच्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर मॉडेलनुसार बदलते, आणि ते अंतर टाइल बसल्यानंतरच्या भिंतीपासून मोजायचे असते. प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-दीड इंच जागा खातात. उघड्या विटेपासून माप घेतले तर कमोड मागे टेकतो किंवा पाइपावर नीट बसत नाही.

भिंतीत बसणाऱ्या डायव्हर्टरचा आतला भाग आणि बाहेरून दिसणारी पट्टी व मूठ एकाच कंपनीची आणि एकाच मॉडेलची असावी लागते, म्हणून ती जोडी एकत्रच घ्यावी. आतला भाग भिंतीत किती खोल बसवायचा याची खूण त्यावर असते. ती प्लंबरला आणि टाइल्स लावणाऱ्या मिस्त्रींना दोघांनाही दाखवावी. निवडलेल्या प्रत्येक वस्तूचा मापांचा कागद दुकानातून मागून घ्यावा आणि त्याची छायाप्रत कामाच्या जागी भिंतीवर चिकटवावी.

गॅस गीझर घेण्याचा विचार असेल तर तो बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नये. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि आंघोळ करणाऱ्या माणसाला तो कळतही नाही. गीझर बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा सज्जावर घ्यावा आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप आणावा.

तिसरा टप्पा : पाइप, वायर आणि वॉटरप्रूफिंग

या टप्प्यात घेतलेला माल पुन्हा दिसणार नाही, आणि म्हणूनच यात स्वस्त माल खपवला जातो. गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप घ्यावा. साधा यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. आपल्याकडे अनेक घरांवर सोलर आहे आणि उन्हाळ्यात त्याचे पाणी चांगलेच कढत येते, त्यामुळे सोलरपासून बाथरूमपर्यंतची पूर्ण लाइन सीपीव्हीसीचीच असावी, मध्ये कुठेही जोड म्हणून दुसरा तुकडा घालू देऊ नये. सीपीव्हीसीचे सोल्यूशनही वेगळे येते आणि ते त्याच पाइपासाठी वापरायचे असते. जिथे नळ फिरवून बसवायचा तिथल्या फिटिंगमध्ये पितळेच्या आट्या असाव्यात, कारण प्लास्टिकच्या आट्या एका जोरदार पिळाला तडकतात. पाइपावर आयएस १५७७८ हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह छापलेले असते. त्याच्याजवळचा सीएम/एल क्रमांक, म्हणजे उत्पादकाचा परवाना क्रमांक, बीआयएस केअर या मोबाइल ॲपमध्ये टाकून परवाना खरा आहे की नाही, हे दुकानातच उभे राहून पाहता येते. दुकानदाराला याचे वाईट वाटण्याचे कारण नाही, आणि चांगल्या दुकानदाराला वाटतही नाही.

सांडपाण्यासाठी एसडब्ल्यूआर पाइप येतो. कमोडला ११० मिमी आणि बेसिन, सिंक, नहाणी यांना बहुधा ७५ मिमी वापरतात. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार असतात. ए हा पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी, तर बी हा मैला आणि सांडपाण्यासाठी. दोन्ही रंगाने सारखे दिसतात, ए स्वस्त असतो, म्हणून यादीत ‘टाइप बी’ असे स्पष्ट लिहून द्यावे. नहाणी ट्रॅप घेताना त्यात पाणी साचून राहणारी वाटी पुरेशी खोल आहे ना, हे हाताने पाहावे, कारण बाथरूममध्ये येणारा गटाराचा वास त्या साचलेल्या पाण्यामुळेच अडतो.

वायरिंगमध्ये गीझर, मायक्रोवेव्ह यांसारख्या जड उपकरणांना किमान २.५ चौरस मिमी आणि बोर्डापासून अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिमी तांब्याची वायर घ्यावी. गीझरला स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) असावा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर याच कामात तो बसवून घ्यावा. ओल्या हाताने वावरायच्या या दोन खोल्यांत त्याच्यावरचा खर्च मी कधीच वगळू देणार नाही.

वॉटरप्रूफिंगचे सामान म्हणजे एक डबा रसायन, असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात ते थरांचे काम आहे: आधी स्लॅब आणि भिंतीचे कोपरे साफ करून भरणे, मग पाइप स्लॅबमधून जातो तिथल्या फटी न आकसणाऱ्या ग्राउटने बंद करणे, त्यावर लेपाचे दोन हात, आणि मग ढाळ देऊन कोबा. लेप जमिनीवरून भिंतीवर किमान फूटभर आणि शॉवरच्या बाजूला त्याहून बराच वर चढवावा. डब्यावर एका लिटरमध्ये किती चौरस फूट होते ते लिहिलेले असते, त्यावरून किती डबे लागतील हे आपणच काढावे. डबे कमी आणले की लेप पातळ केला जातो.

टाइल्स बसवण्यापूर्वी दोन चाचण्या घ्याव्यात आणि त्यासाठी मिस्त्रींशी काम ठरवतानाच बोलून ठेवावे. नळांची तोंडे बंद करून हातपंपाने पाइपमध्ये दाब भरावा आणि काटा रात्रभर खाली येतो का, हे पाहावे. लेप वाळल्यावर नहाणी बंद करून जमिनीवर दोन-तीन इंच पाणी ४८ तास साठवून ठेवावे आणि खालच्या छताला ओल येते का, ते तपासावे. या चाचण्या झाल्यानंतर झिऱ्या बुजण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढावा, आणि शेजारी टेप धरून काढावा, म्हणजे पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही.

सिमेंटबद्दल थोडक्यात: पोत्यावर छापलेला आठवडा आणि वर्ष पाहून तीन महिन्यांच्या आतलेच घ्यावे, आणि पावसाळ्यात दोन दिवसांना पुरेल एवढेच आणावे. वाळू ब्रासने विकली जाते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. एका बाथरूमच्या दुरुस्तीला पूर्ण ब्रास क्वचितच लागतो, त्यामुळे गवंड्याकडून अंदाज घेऊनच मागवावी.

चौथा टप्पा : टाइल्सचा हिशेब

समजा बाथरूम ८ बाय ५ फूट आहे आणि भिंतीला ७ फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या आहेत. चारही भिंतींची लांबी २६ फूट, म्हणजे २६ गुणिले ७, एकूण १८२ चौरस फूट. अडीच बाय सात फुटांचे दार साडेसतरा चौरस फूट आणि झरोका ३ चौरस फूट वजा केला की १६१.५ चौरस फूट उरतात. कापण्यात आणि फुटण्यात जाणाऱ्या मालासाठी १० टक्के वाढवले की साधारण १७८ चौरस फूट होतात. आता ज्या टाइलला सगळे ‘बारा-अठरा’ म्हणतात ती प्रत्यक्षात ३०० बाय ४५० मिमी असते. सहा टाइल्सचा बॉक्स ९ चौरस फुटांचा धरला तर २० बॉक्स पुरतील असे वाटते, पण बॉक्सवर छापलेले खरे क्षेत्र ०.८१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ८.७२ चौरस फूट असते, आणि त्या हिशेबाने २१ बॉक्स लागतात. तो एक बॉक्स शेवटच्या भिंतीला कमी पडतो आणि मग धावपळ होते. म्हणून हिशेब नेहमी बॉक्सवर छापलेल्या क्षेत्रावरूनच करावा.

उंचीही टाइलच्या मापाने ठरवावी. ही टाइल आडवी लावली तर सात ओळी, मधल्या २ मिमी फटींसह, सुमारे २११२ मिमी होतात. सात फूट म्हणजे २१३४ मिमी. इंचभर खाली थांबले तर वर बोटभर रुंदीची पट्टी कापून लावावी लागत नाही.

गुजरातमधल्या मोरबीहून येणाऱ्या टाइल्समध्ये एकाच नक्षीच्या दोन खेपांच्या रंगात आणि मापात बारीक फरक असतो. बॉक्सवरचा बॅच किंवा शेड क्रमांक सगळ्या बॉक्सवर एकच आहे का, हे टेम्पोतून उतरवतानाच पाहावे, आणि कोपऱ्याने दबलेला बॉक्स चालकासमोर उघडून पाहावा. जमिनीसाठी मॅट आणि न घसरणारी टाइलच घ्यावी. दुकानात तिच्यावर पाणी ओतून ओल्या तळव्याने पाय घासून पाहायला संकोच करू नये. घरात वयस्क माणसे असतील तर जमिनीच्या टाइल्स लहान, १२ बाय १२ इंचांच्या घेतलेल्या बऱ्या. त्यांत ढाळ नीट बसतो आणि फटी जास्त असल्याने पायाला पकड मिळते.

भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर लावता येते. व्हिट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही आणि त्यामुळे नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही. तिला टाइल ॲडहेसिव्हच हवे. काही गवंडी सवयीने सिमेंटच मागतात. त्यांच्याशी वाद न घालता कारण समजावून सांगावे आणि ॲडहेसिव्हची पोती आपणच आणून द्यावीत. फटी भरायला शॉवरच्या भागात आणि ओट्यामागे इपॉक्सी ग्राउट घ्यावे, बाकी ठिकाणी साधे ग्राउट पुरते.

पाचवा टप्पा : ओटा, सिंक आणि ट्रॉल्या

ओट्याची उंची घरात जास्त स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपरापासून ठरवावी. हात कोपरात वाकवून उभे राहिल्यावर कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा आला की पोळ्या लाटताना खांदे दुखत नाहीत. बाजारात सरसकट ३३-३४ इंच धरतात, ते प्रत्येकाला योग्य नसते. ग्रॅनाइट घेताना जाडी मोजावी, लाद्या उभ्या करून ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि तिरक्या उजेडात भेगा पाहाव्यात. भाव चौरस फुटाचा असला तरी पैसे कापलेल्या मापाचे घेणार की पूर्ण लादीचे, आणि कडेचे मोल्डिंग, सिंकची खाच व वाहतूक त्यात धरली आहे का, हे आधी लिहून घ्यावे. सिंक आणि ओट्यात बसणारी शेगडी घरात आल्याशिवाय ग्रॅनाइट कापू देऊ नये.

सिंक आणि ट्रॉल्या ३०४ दर्जाच्या स्टीलच्या घ्याव्यात. चुंबक लावून पाहण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण स्वस्तातल्या २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. बिलावर ‘३०४’ असे लिहून घेणे हाच खरा उपाय आहे. कपाटांसाठी प्लाय घ्यायचे तर टिंबर एरियात दोन-तीन ठिकाणी दर पाहावेत. एमआर (फक्त दमटपणा सोसणाऱ्या) प्रतीचे प्लाय स्वयंपाकघरात वापरू नये, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारे) चालते, आणि सिंकखालच्या कप्प्याला आयएस ७१० चे मरीन प्लाय घ्यावे. पानाच्या कडेला किंवा पाठीवर हा क्रमांक आणि आयएसआय चिन्ह छापलेले असते. सुताराने पाने कापण्यापूर्वी ते पाहावे, कारण एकदा लॅमिनेट चढले की आत काय आहे ते कोणालाच कळत नाही. ट्रॉल्यांची मापे मात्र ओटा आणि त्यामागच्या टाइल्स पूर्ण झाल्यावरच द्यावीत.

दर, बिल आणि वेळ

कोटेशन तीन ठिकाणांहून घ्यावे आणि प्रत्येकात कर, वाहतूक आणि हमाली धरून येणारी शेवटची रक्कमच तुलनेला घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या अंदाजपत्रकावरून काम करू नये. पक्के बिलच घ्यावे. वॉरंटीसाठी आणि माल परत करण्यासाठी तेच लागते. न उघडलेले बॉक्स आणि न कापलेले पाइप परत घेणार का, आणि किती दिवसांत, हे बिलाच्या मागे लिहून घ्यावे. एकूण अंदाजाच्या दहा ते पंधरा टक्के रक्कम वेगळी ठेवावी, कारण जुनी फरशी उचलल्यावर खाली काय निघेल ते आधी कोणीच सांगू शकत नाही.

दिवाळीच्या आधीचा महिना टाळता आला तर टाळावा. त्या काळात चांगले मिस्त्री एकाच वेळी अनेक कामे धरतात. भर पावसात प्लाय आणि लेप दोन्ही नीट वाळत नाहीत. संक्रांतीपासून मेपर्यंतचा काळ या कामाला सर्वांत सोयीचा असतो.

काम संपल्यावर भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्सचा प्रत्येकी एक बॉक्स परत न करता माळ्यावर उभ्या स्थितीत ठेवावा, त्यावरचा शेड क्रमांक दिसेल असा ठेवावा, आणि बिले, वॉरंटी कार्डे व भिंतींचे फोटो एकाच फाइलमध्ये लावावेत. मजुरीचा शेवटचा हप्ता सर्व नळ, नहाणी आणि सॉकेट आठवडाभर वापरून पाहिल्यावर द्यायचा, हे सुरुवातीलाच ठरलेले असावे.